ख्रिसमसच्या दिवशी लावलेल्या फाटकाबाबत

प्रति,
मा. पायवाट अधिकारी (श्री. लायनेल प्रॉसर),
जिल्हा परिषद कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : श्रीमती एनिड ट्रँटर, वय ७३, धंदा गाईपालन, ब्रूम फार्म, मु. नेदरकोंब.

विषय : ब्रूम फार्मचे घरामागील कुरण कायमची सार्वजनिक पायवाट म्हणून जाहीर करण्यास हरकत, तसेच आपल्या स्मरणशक्तीबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १४ ऑक्टोबर २०२४. २) नेदरकोंब ग्रामसभेचे ‘सहकुटुंब चला’ हे पायी फेऱ्यांचे पत्रक, फेरी क्र. ३. ३) एक जुने पत्र. त्याविषयी परिच्छेद ६ मध्ये.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवते की, आपली नोटीस तिला मिळाली, तिने ती तीनदा वाचली आणि तीनही वेळा तिचा चहा गार झाला. नोटिशीचा मथितार्थ असा की, घरामागील कुरणातून गावकरी वीस वर्षे बिनदिक्कत चालत आले, त्यांना कोणी कधी अडवले नाही, सबब ती वाट आता जगबुडीपर्यंत सर्वांची. बेचाळीस दिवसांत हरकत घ्यावी असेही त्यात आहे. ही ती हरकत.

२. सदर कुरण म्हणजे मोकळी जागा नव्हे. अर्जदाराच्या अकरा गाई मार्चमध्ये तिथेच वितात, कारण वाऱ्याचा आडोसा आणि पाणी या दोन्ही गोष्टी शेतात दुसरीकडे एकत्र नाहीत. व्यालेली गाय कुत्रा पाहिला की अंगावर जाते. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मात्र पत्रकात फेरी क्र. ३ पुढे छापले आहे, ‘गाई प्रेमळ आहेत, मुलांना हात लावू द्या.’ पत्रक लिहिणाऱ्या श्रीमती फिलिपा आर्डेन यांनी गाय दुधाच्या डब्यावरच्या चित्रात पाहिली असावी. वाट सार्वजनिक झाली तर गाई तिथे ठेवता येणार नाहीत, आणि गाई तिथे ठेवता आल्या नाहीत तर त्या विकाव्या लागतील. अर्जदाराकडे गाईंखेरीज आता कोणी नाही.

३. पत्रक निघाल्यापासूनचा तपशील थोडक्यात. रविवारी सरासरी चाळीस माणसे येतात. कुत्र्याची घाण ती मोठ्या शिस्तीने पिशवीत भरतात आणि ती पिशवी कुंपणाच्या काटेरी झुडपाला टांगून निघून जातात. ती नंतर कोणी न्यावी अशी त्यांची अपेक्षा आहे, हे अर्जदारास अद्याप समजलेले नाही. एका वासराला कांद्याचे वेफर्स चारण्यात आले. एका बाईंनी अर्जदाराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावून विचारले, “अहो आजी, या गाई दुसरीकडे नाही का नेता येणार? मुलं घाबरतात.” अर्जदाराने सांगितले, “मुलं दुसरीकडे न्या. गाई घाबरतात.” याची तक्रार आपल्या कार्यालयात क्र. ११८ ने नोंदलेली आहे. त्यात ‘उद्धट’ हा शब्द दोनदा आला आहे. एकदा पुरेसा होता.

४. आता मुद्द्याचे. आपल्या नोटिशीस बावीस गावकऱ्यांचे जबाब जोडले आहेत. प्रत्येकाने एकच वाक्य लिहिले आहे, ‘फाटक कधीही बंद आढळले नाही.’ श्रीमती आर्डेन यांनीही वीस वर्षांचा जबाब दिला आहे. त्या गावात येऊन सहा वर्षे झाली. उरलेली चौदा वर्षे त्या बहुधा मनाने चालत होत्या. परंतु बाकीचे एकवीस खोटे बोलत नाहीत हे अर्जदार मान्य करते. त्यांना फाटक बंद आढळले नाही, आणि त्याचा दोष अर्जदाराचे दिवंगत पती क्लेम ट्रँटर यांच्या भिडस्तपणाचा आहे.

५. आपणास कायदा माहीत आहेच. वाट खाजगी ठेवायची तर मालकाने वर्षातून एक दिवस फाटक लावून लोकांना अडवायचे, म्हणजे वीस वर्षांची सलग वहिवाट तुटते. क्लेमने १९९८ पासून दरवर्षी एकदा फाटक न चुकता लावले. मात्र कोणाची गैरसोय नको म्हणून त्याने दिवस निवडला तो ख्रिसमसचा, आणि वेळ दुपारी बारा ते पाच, जेव्हा सगळे गाव टर्कीपुढे बसलेले असते. अडवायचे, पण अडवल्याचे कोणाला कळता कामा नये. त्या दिवशी तो साखळी लावून फाटकाशी खुर्ची टाकून बसे. अर्जदार ताट झाकून तिथे नेत असे आणि दरवर्षी भांडत असे. अर्जदाराच्या बहिणीच्या बडबडीपासून तो पळतो, असा तिचा पंचवीस वर्षे समज होता. शेवटच्या ख्रिसमसला त्याला धड श्वास घेता येत नव्हता, तरी दोन घोंगड्या गुंडाळून बसला. अर्जदार ओरडली, “इथे चिटपाखरू फिरकत नाही, क्लेम. कोणाला अडवतोस? चल घरात.” तो म्हणाला, “कोणी आलं नाही तर बरंच की. अडवायला मला कुठे आवडतं?” फेब्रुवारीत तो गेला. त्याच वर्षीच्या ख्रिसमसला अर्जदाराने फाटक लावले नाही. साखळी हातात घेववेना. याबद्दल तिला आज स्वतःचा अतोनात राग येतो.

६. आपली नोटीस अर्जदाराने चौथ्यांदा वाचली ती, माफ करा, संडासात. तिथे समोरच्या भिंतीवर क्लेमने काचेत बसवून टांगलेले एक पत्र आहे. दहा वर्षे ते रोज नजरेसमोर असल्याने अर्जदाराने ते वाचणे कधीच सोडले होते. त्या दिवशी नोटीस मांडीवर, पत्र भिंतीवर, आणि दोन्हींखाली एकच सही, शेवटच्या अक्षराचे शेपूट तसेच वर वळलेले. पत्र दि. २७ डिसेंबर २०१४ चे आहे. आपण तेव्हा परिषदेच्या सेवेत नव्हता, नेदरकोंबला पाहुणे म्हणून आला होता. त्यातील उतारा जसाच्या तसा :

“जेवणानंतर पत्नी व सासूबाई यांना पाय मोकळे करायला घेऊन निघालो असता पावणेतीन वाजता आपल्या फाटकाला साखळी होती. साखळीशेजारी आपण खुर्चीत बसला होता. मी विनंती केली, सासूबाईंचे गुडघे दाखवले, तरी आपण ‘आज नाही हो, माफ करा’ एवढेच म्हणत राहिलात व आम्हास परत पाठवलेत. रस्त्याने दोन मैल वळसा पडला. आपण केक दिलात, परंतु केकने भरपाई होत नाही. असा माणूसघाणा मनुष्य मी पाहिला नाही. — एल. प्रॉसर”

७. क्लेमच्या रोजनिशीत त्याच्या दोन दिवस आधी, ख्रिसमसच्या तारखेस, लिहिले आहे, ‘एक कुटुंब आलं. परत पाठवलं. फार वाईट वाटलं. केक दिला.’ पंचवीस वर्षांतील हे एकच कुटुंब. तो माणूसघाणा नव्हता. लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही असा तो माणूस होता, आणि आयुष्यात ज्या एकाला त्याने नाही म्हटले, तो नेमका पायवाट अधिकारी निघाला. हे पत्र त्याने रागाने टांगले नव्हते. त्यालाही अडवता येते याचा तो एकमेव पुरावा होता.

८. सबब प्रार्थना की, बावीस जबाबांसोबत तेविसावा जबाब आपण स्वतःचा जोडावा, फाटक बंद आढळल्याचे त्यात नमूद करावे, आणि नोटीस मागे घ्यावी. आठवत नसल्यास सासूबाईंना विचारावे. दोन मैल चाललेले गुडघे सहसा विसरत नाहीत.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपली, नियमापुरती नम्र,
एनिड ट्रँटर
दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) रोजनिशीच्या पानाची प्रत.
२) आपल्या पत्राची प्रत. मूळ पत्र आहे त्याच भिंतीवर राहील.
३) कुंपणावरील पिशव्या, नग सात. कार्यालयाच्या पोर्चमध्ये टांगल्या आहेत.

ता. क. : या ख्रिसमसला दुपारी बारा ते पाच फाटकाशी अर्जदार स्वतः बसणार आहे. आपण सहकुटुंब जरूर यावे. परत पाठवण्यात येईल. केक असेल.