सारखं पाणी

सर, आधी मत ठोकून द्यायचं आणि मग त्याला कारणं जोडत बसायचं, ही माझी खोड तुम्ही नववीच्या वर्गातच पकडली होती. म्हणून आज उलटं करते. घडलं ते घडलं तसं सांगते, मत शेवटी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच उरलेला नाही. पण तुमच्यापुढे उत्तर द्यायचं म्हटलं की अजूनही माझी पाठ आपोआप ताठ होते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमच्या गावातलं हायस्कूलही नुकतंच. तुम्ही चिखलीहून येणाऱ्या एस.टी.तून एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि काकूंना घेऊन उतरलात. तुमची भाषा पुण्याकडची, स्वच्छ इस्त्री केलेली. आम्ही विचारायचो, "सर, असं काऊन होते?" आणि तुम्ही म्हणायचात, "मलाही माहीत नाही. करून पाहू." मास्तराला माहीत नाही हे गावाला पचायला जड गेलं. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ओसरीवर बसून म्हणायचे, "ह्याले काहीच ठाऊक नाई, त मंग पगार कायचा घेते हा?" मुलांनी तर तुमचं नावच 'करूनपाहू सर' पाडलं होतं. ते तुम्हाला ठाऊक होतं हे मला नंतर काकूंनी सांगितलं.

प्रयोगशाळा नव्हती, म्हणून तुम्ही आम्हाला तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत. मला तो दिवस आत्ता दिसतो. काकू स्टोव्हवरून दूध उतरवताहेत, आम्ही चुलीपुढच्या मांजरांसारखे दाटीवाटीनं बसलो आहोत. तुम्ही एकाच पातेल्यातलं कोमट दूध दोन सारख्या वाट्यांमध्ये ओतता. एका वाटीत विरजण घालता, दुसरीत काहीच नाही. मला राहवत नाही. "दुसरी वाटी कायले ठेवली, सर? दूध वाया जाईन ना." तुम्ही म्हणता, "दही विरजणानं लागलं की नुसतं ठेवल्यानं, हे ही कोरी वाटीच सांगेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. कोरी वाटी नसेल तर पहिलीचं म्हणणं खरं धरायचं नाही." काकू मागून म्हणतात, "आणि तुमची कोरी वाटी संध्याकाळी आटवत मीच बसायचं." तुम्ही हसता. पुढे मी चाळीसेक वर्षं विज्ञान शिकवलं, पण प्रयोग म्हणजे काय हे मुलांना सांगताना त्या दोन वाट्यांच्या पलीकडे मला कधी जावं लागलं नाही.

आता मायबद्दल. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते आणि आम्ही दोघी मोठ्या बाबांच्या घरात राहत होतो. कुणी तिला छळलं नाही, हे सांगायलाच हवं. ती पहाटेपासून राबायची आणि घरात तिला मानही होता. पण लग्नघरी पापडाचं पीठ मळायची वेळ आली की ती आपणहून उठून विहिरीवर जायची. दह्याला विरजण ती लावायची नाही. पेरणीच्या दिवशी बियाण्याच्या टोपलीला हात लावायची नाही. तिला कुणी 'दूर हो' म्हणायच्या आधीच ती दूर झालेली असायची. मला नेमका त्याचाच राग यायचा. दुसऱ्यानं बांधलेला दोर माणूस कधीतरी तोडू शकतो, पण तिनं तर स्वतःच्या हाताचा धसका घेतला होता.

त्या वर्षी नवरात्रात मोठ्या बाबांच्या बायकोला, आमच्या मोठ्या मायला, ताप होता, म्हणून घटाची माती शेतातून माय घेऊन आली. परडीत माती, मातीत गहू, मधे घट, जसं घरोघर असतं तसंच. आणि धान विरळ उगवलं. एका बाजूला तर नुसती मातीच दिसत होती. घट विरळ उगवला म्हणजे घराचं वर्ष विरळ, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मोठी माय ओरडली वगैरे नाही. ती फक्त हळू म्हणाली, "तुहा हात लागला मातीले, म्हून असं झालं असन वं. मीच उठाले पाह्यजे होतं." माय म्हणाली, "हाव जी, माहंच चुकलं." आणि भांडी घासायला गेली. ते 'माहंच चुकलं' मला रात्रंदिवस टोचत राहिलं.

म्हणून मी वर्गात उभी राहून विचारलं की, सर, विधवेच्या हातानं धान कमी उगवतं का.  माझी अपेक्षा होती की तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणाल, हा सगळा खुळचटपणा आहे. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "मला वाटतं, नाही. पण मला वाटतं याला काही किंमत नाही. करून पाहू." सर, तेव्हा मला तुमचा संताप आला होता. माझ्या आईबद्दलही तुम्हाला करून पाहावं लागावं.

तुम्ही कुंभाराकडून दोन सारखे परळ, मातीची पसरट भांडी, आणलेत. एकाच शेतातली माती चाळून घेतलीत, एकाच पोत्यातला गहू घेतलात, पाण्याला एकच लोटा. बदलणार होता तो फक्त हात. एका परळात माय पेरणार, दुसऱ्यात काकू. तुम्ही स्वतः घरी येऊन मायला विचारलंत, "ताई, याल का?" माय पदराआडून म्हणाली, "माह्या हाताची परीक्षा घेता काय, गुर्जी? नापास झाली त?" तरी ती आली. शाळेत शेळ्या शिरायच्या, म्हणून परळ तुमच्या पडवीत ठेवले. आणि मायचा परळ असा उगवला की बघत राहावं. दाट, उंच, काकूंच्या परळापेक्षा बोटभर वर. मी ती बातमी घेऊन घरी पळत आले. त्या दिवशी माय पाणी आणायला मधल्या आळीनं गेली. एरवी ती मागच्या वाटेनं जायची.

निकालाच्या दिवशी पडवीत गर्दी होती. मोठी मायसुद्धा आली होती. तुम्ही दोन्ही परळांपुढे उभे राहिलात आणि म्हणालात, "हा प्रयोग मी रद्द करतो." सकाळी, लोटा हातात घ्यायच्या आधीच, मायच्या परळातली माती तुम्हाला ओली लागली होती. तुम्ही घरात विचारलंत आणि काकूंनी लपवलं नाही. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझं उगवलं असतं आणि त्यांचं नसतं, तर मी त्यांना तोंड कसं दाखवलं असतं? म्हणून घातलं थोडं पाणी जास्त." मायनं काकूंकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. "पाणी घातलं त काय झालं, गुर्जी? उगवलं त हाय ना." तुम्ही म्हणालात, "उगवलं, पण कशानं ते आता सांगता येत नाही, ताई." माय मागच्या वाटेनं घरी गेली.

मी तुमच्यावर किती भडकले होते हे तुम्हाला आठवत असेल. शाळा सुटल्यावर तुम्हाला गाठून मी म्हणाले की, तुमचं विज्ञान तुमच्यापाशीच ठेवा, एक दिवस ती सरळ चालली होती तेवढंही तुम्हाला बघवलं नाही. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "तुझ्या आईवर गावात सगळेच दया करतात. माझ्या बायकोनंही केली. उद्या कुणीतरी म्हणेल, पाणी जास्त होतं म्हणून उगवलं, आणि ते खरंच असेल. मग ती कुठल्या वाटेनं जाईल?"  तुमच्याशी न बोलण्याचा निश्चय मी तिथेच केला आणि तो बरेच दिवस पाळला.

पुढची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. माय पुन्हा कशी तयार झाली हे तुम्ही मला विचारलं होतं आणि मी तोऱ्यात सांगितलं नव्हतं. आज सांगते. ती म्हणत होती, "एकडाव तोंडघशी पडली, आता नाई." मीही तिला आग्रह केला नाही. मग एका दुपारी ज्वारी पाखडताना तिचं सूप मधेच थांबलं. "काऊन वं," ती म्हणाली, "दोघींलेबी सारखं पाणी घातलं असतं, त काय झालं असतं?" मी म्हटलं, मले काय ठाऊक. ती म्हणाली, "मलेबी ठाऊक नाई. तेच म्हनून राह्यली." सूप पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून तुमच्या दारात आली होती. सर, तुम्ही माझ्या आईला एक अक्षर शिकवलं नव्हतं, पण तो प्रश्न तुमच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं विचारला त्यापेक्षा बरा होता.

या खेपेला दुसऱ्या परळात पेरायला मोठी मायच पुढे झाली. "मास्तरीणबाई लई मऊ हाये. मीच पेरतो," म्हणाली. पेरून झाल्यावर हेडमास्तरांनी एकट्यानं मायच्या परळाला बाहेरून, तळाशी दोरा बांधला आणि परळांच्या जागा बदलून ठेवल्या. कुणाचा कुठला हे तुम्हालाही माहीत नव्हतं. पाणी आम्ही वर्गातल्या मुली घालायचो, त्याच लोट्यानं, एकमेकींवर डोळा ठेवून. काकूंना पडवीत यायची बंदी. त्या खिडकीतून म्हणायच्या, "माझ्याच घरात मी चोर झाले."

शेवटी दोन्ही परळ असे सारखे उगवले की लोकांचा हिरमोडच झाला. तुम्ही मोठ्या मायला म्हणालात, "तुमचा कुठला, सांगा बघू." तिनं दोन्ही नीट पाहिले, एकावर हात ठेवला आणि ठामपणे म्हणाली, "हा माहा. पाहा ना कसा भरला हाय." हेडमास्तरांनी तो तिरका केला. तळाशी दोरा होता. पडवीभर हशा पिकला आणि तिलाही हसू आवरेना. माय हसली नाही. ती परळाजवळ बसली, कोवळ्या पात्यांवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "म्हंजे चांगलाबी नाई अन् वाईटबी नाई. हात तो हातच." घरी येताना वाटेत ती रडली, आणि आम्ही मधल्या आळीनं आलो.

पुढच्या नवरात्रात मोठी माय परडीपुढे बसली, कमरेला हात लावला आणि म्हणाली, "तूच टाक वं धान. मले वाकवत नाई." तिची कंबर ठणठणीत होती हे सगळ्या घराला माहीत होतं. मायनं गहू टाकले. तोवर तुमची बदली झाली होती. जाताना तुम्ही ते दोन्ही परळ माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, एकटा कधी वापरू नकोस.

आता आजचं. माझे यजमान गेल्या वर्षी गेले. त्यानंतरचं हे पहिलंच नवरात्र. सुनेनं परडीत माती भरली, गव्हाची वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आई, धान तुम्हीच टाका." आणि सर, माझा हात मागे आला. शेकडो मुलींना ही गोष्ट सांगितली, फळ्यावर दोन परळ काढून दाखवले, आणि माझाच हात मागे आला. मी म्हणाले, "गुडघे दुखतात गं, मला वाकवत नाही."  धान सुनेनं टाकलं.

त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. दुसऱ्या सकाळी माळ्यावरून परळ काढले. एकात मी पेरलं, एकात तिनं. शेजारणीला माझ्या परळाला दोरा बांधायला आणि जागा बदलायला सांगितलं. निकाल मला पाठ आहे, तरी रोज उठल्याबरोबर आधी तिकडेच जाते. आज सकाळी एका परळातली माती ओली होती. मी अजून पाणी घातलं नव्हतं. आधी तळ पाहायचा नाही हा नियम मोडून मी तो तिरका केला. दोरा होता, म्हणजे माझ्याआधी कुणीतरी तळ पाहिला होता. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. माझ्या हातातला परळ तिला दिसला आणि ती एका हातानं दाराची चौकट धरून, कपाकडे बघत म्हणाली, "आई, साखर कमी पडली असेल तर सांगा."

मत शेवटी सांगते म्हटलं होतं. ते काही होत नाहीये. काकूंनी त्या दिवशी चौकट का धरली होती एवढं मात्र आज कळलं. साखर बरोबर आहे, एवढंच मी तिला म्हणाले. परळ जागेवर ठेवला. सर, प्रयोग मी रद्द केलेला नाही.