ऋषीचे बर्फातले बूट

२ जानेवारी
सकाळी कांद्याला पाणी दिलं. दुपारी ऋषीचे बर्फातले बूट माळ्यावरून काढले. दगडासारखे जड, आत कुबट वास. धाकट्या भावाचा वास म्हणून भरून यायला हवं होतं. ओकारी आली.

लोकरीचे दोन-दोन मोजे चढवून अंगणात उभा राहिलो. दहा मिनिटांत नडग्या ठणकायला लागल्या.

३ जानेवारी
नडग्या लाल. बायको तेजस्विनी म्हणाली, "सोडा की आता. कावळ्याला काय कळतंय?"

कावळ्याला नसेल — पण बोललो मी आहे! ऋषीच्या दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. दीड तास. चुलते दादाभाऊ मागून ढोसत होते, "बोल काहीतरी. त्याची इच्छा राह्यली आसंल." चारचौघांत मला तोंड उघडता येत नाही. घाईत म्हणालो, तुझ्या बुटांत पाय घालून औलीच्या बर्फावर जाईन. लगेच कावळा! सगळ्यांनी हात जोडले. मला किळस आली. कावळा भुकेला होता, इतकंच.

१४ ला उत्तराखंडाला निघायचं. तिकीट काढलंय.

५ जानेवारी
दादाभाऊ चहाला आले. "काय रं, आपल्या वारूळवाडीत बर्फ पडलं व्हय?" खदाखदा हसले. ह्यांनीच बोलायला लावलं!

६ जानेवारी
औलीला रुपेशला फोन केला. आपल्याच भागातला. तो आणि ऋषी तिथं मिळून स्कीइंग शिकवायचे.

"दोन मोजे? दादा, आधी काढा ते! पातळ एकच. पॅन्टपण आत कोंबू नका. टाच मागं आपटून बसवा, मग वरचा पट्टा आवळा. नडगी बुटाच्या जिभेला चिकटून पायजे. फट राह्यली की आपटती. आन् नखं कापा."

तसं केलं. डावा पाय सुखात. उजव्या नडगीला मात्र काहीतरी गाठीसारखं टोचतं. घाणेरडे बूट!

ऋषीला कधी दुखलं नाही. फोनवर कायम, "दादा, लई भारी!" माझं उत्तर ठरलेलं — दुखलंखुपलं तर सांग. ही थेरं बंद करून सरळ घरी यायचं.

८ जानेवारी
वास जावा म्हणून उजव्या बुटाचं आतलं अस्तर उपसून उन्हात ठेवलं. जिभेमागून एक घडी निघाली. आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं. बरोबर नडगीच्या जागी. त्यावर हळद आणि वाळलेलं रक्त.

औलीतले पाच हिवाळे. एकदाही बोलला नाही. बोलला असता तर मी घरी बोलावलं असतं.

फडकं धुऊन दोरीवर टाकलं. मग ओट्यावर बसून पायाची नखं कापली.