भरायची जागा

मेहकर, मंगळवार, संध्याकाळ

इंटरनेटवर सगळ्यांना तयार कोड देणाऱ्या एका सॉफ्टवेअर लायब्ररीवाल्यांनी मी सुचवलेली दुरुस्ती आज घेतली. बिल्डच्या, म्हणजे तो कोड आपल्या कॉम्प्युटरवर चालता करायच्या, सूचनांत आपल्या फोल्डरचा पत्ता जिथं टाकायचा, ते व्हेरिएबल, म्हणजे बदलून आपलं भरायचा शब्द, बाकीच्या मजकुरासारखंच छापलेलं होतं. मी ते जसंच्या तसं टाइप केलं आणि दोन दिवस घालवले. आता ते सगळीकडे कंसात, वेगळ्या अक्षरात दिसतं. एवढंच तर केलं. मग एवढं भारी काऊन वाटून राह्यलं?

बाबा तहसीलसमोर लोकांचे अर्ज लिहितात. त्यांना दाखवलं.

"बराबर आहे," म्हणाले. "नमुन्यात भराची जागा दिसली पाह्यजे. नाही त लोकं 'अर्जदाराचे नाव' हेच उतरवून आणतात. तुले हे कोणं शिकवलं?"

त्यांच्या मांडीवर नमुना अर्ज होता. त्यातल्या टिंबांच्या ओळीवर मी बोट ठेवलं.