मूठ पोराच्या मापाची

आबा, तुम्ही बीडच्या त्या सुरेवाल्यासमोर खोटं बोललात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं तुम्ही माझ्यासमोर जेवायला बसत होतात, तरी हे वाक्य मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आज लिहितेय. तुम्ही असतात तर "झालं गेलं, कावून उकरून काढतीस?" म्हणाला असतात. काढणारच आहे.

आपलं रान पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या की रानडुकरांचा कळप एका फेरीत दोन सऱ्या उलथून जायचा. तुमच्याकडं परवान्याची बंदूक होती. वनखात्याचा कागद हातात आला की तुम्ही एखादं डुक्कर पाडायचात आणि गावभर तुमचं नाव व्हायचं. पण पाडल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. जनावर जागेवरच, ऊन चढायच्या आत उघडावं लागतं, नाहीतर मांस आतून तापून वाया जातं. हे काम दादानं शिकावं अशी तुमची फार इच्छा. दादानं एकदाच सुरी हातात घेतली, पहिली चीर दिली आणि लिंबाच्या मागं जाऊन ओकला. त्यात त्याची चूक काही नव्हती. तुम्ही त्याच्यावर ओरडत होतात आणि इकडं ऊन चढत होतं, म्हणून मी खाली बसले. पंधरा-सोळा वर्षांची असेन. पात्याची धार वरच्या बाजूला ठेवून, डाव्या हाताच्या दोन बोटांनी आतडं खाली दाबत चीर कशी पुढं न्यायची, हे तुम्हीच सांगितलंत. तिसऱ्या खेपेला तुम्हाला सांगावं लागलं नाही. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "हिचा हात लई हलका हाय." आई म्हणाली, "बाहेर बोलू नका. पोरीची जात हाय. सोयरीक जमायची न्हाई." तेवढ्यावर ठरलं. काम मी करायचं आणि नाव दादाचं सांगायचं.

जुनी सुरी कोयत्याच्या तुकड्याची होती, मुठीत हलायची. नवी घ्यायची तर नीट घ्यायची म्हणून तुम्ही मला एसटीनं बीडला घेऊन गेलात. मला. दादाला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे. सुरेवाले चाचा भात्यासमोर बसलेले, पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. तुम्ही आधी एक घडीचा चाकू उचललात. चाचांनी तो तुमच्या हातातून काढून घेतला. "ह्ये खिशात ठिवायला. सांध्यात चरबी जाती, रगत जातं, मंग पातं डुगडुगतं. शिकारीला एकसंध पायजे. पातं मुठीच्या शेवटापतूर गेलेलं." मग त्यांनी ट्रकच्या कमानपाट्याची एक पट्टी दाखवली. पातं वीतभर नको, चार-पाच बोटं पुरे, लांब पातं आत कुठं लागेल ते कळत नाही. टोक बारीक नको. सोलायला पुढं थोडं पोट, म्हणजे धारेला गोलाई, असलेलं बरं. तुम्ही प्रत्येक वेळी माझ्याकडं बघत होतात आणि मी मान हलवत होते. मग चाचांनी विचारलं, "वापरनार कोन?"

तुम्ही म्हणालात, "माझा पोरगा."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. माझा हात समोरच्या एका तयार पात्यावर होता, मी अंगठ्यानं धार बघत होते. ते म्हणाले, "मुठीचं माप?" तुम्ही स्वतःचा पंजा पुढं केलात. "माझ्यावानीच हाय त्याचा. भरलेली मूठ करा." चाचा म्हणाले, "मुठीच्या पुढं थोडा अडसर ठिवतो. हात सरकत न्हाई." तुम्ही हसलात. "पोराच्या पंजात ताकद हाय चाचा, अडसर कशाला?" मी तिथंच उभी होते, आबा. माझे दोन्ही हात तिथंच होते. एक शब्द, 'हिच्यासाठी', इतकाच लागत होता, आणि तो ऐकायला त्या दुकानात आपल्या ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं. मग लाज वाटली ती कुणाची?

बाभळीची ती मूठ माझ्या पंजात कधी मावलीच नाही. बोटं पूर्ण वळायची नाहीत. मी दोनदा तुम्हाला सांगितलं. "सवय होईल," म्हणालात. दुसऱ्याच डुकराला, सकाळी आठच्या सुमाराला, छातीच्या हाडापाशी जोर लावला आणि चरबीनं बुळबुळीत झालेला माझा हात सरळ मुठीवरून पात्यावर सरकला. दुखलं नाही आधी. नुसतं बघत बसले, अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटात पांढरं काहीतरी दिसत होतं. तुम्ही धोतराचा सोगा फाडून बांधलात. ते मी नाकारत नाही. पण पाटोद्याच्या डॉक्टरांनी विचारल्यावर तुम्ही काय सांगितलंत? "गवत कापताना इळा लागला." डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "आतली शीर तुटल्यासारखी वाटते, बोट वाकत नाहीये. आजच्या आज बीडला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं जोडतील." तुम्ही मान डोलावलीत आणि मला घरी घेऊन आलात. कारण बीडला चार माणसं भेटतील, चौकशी होईल, पोरगी काय करत होती ते निघेल. "जखम भरली की वाकंल," म्हणालात. जखम भरली. बोट वाकलं नाही. आणि तुम्ही वरून मलाच रागावलात, आईच्या देखत, "कामात ध्यान पायजे व्हतं."

तेवढं एक वाक्य मला आजही गिळता येत नाही. बाकीचं मी वयावर, काळावर, गावावर घालू शकते. ते वाक्य कुणावर घालू?

पुढं मी हट्टानं परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकायला गेले. शवविच्छेदनाच्या पहिल्या तासाला मास्तर म्हणाले, पहिलं बोट पात्याच्या पाठीवर ठेवा. सगळ्यांनी ठेवलं. माझं काठीसारखं ताठ, नुसतं टेकायचं, त्यानं दाब देता यायचा नाही. मधल्या बोटानं धरायला शिकायला मला दोन वर्षं लागली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हसून म्हणाले, "अशा हातानं कशाला या लाइनला आलात?" तुम्ही मात्र पेढे वाटलेत. "पोरगी डाक्टर झाली," म्हणून वाटलेत. तेव्हा पोरगी सांगायला लाज नाही वाटली.

गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते, त्यामुळंच हे सगळं वर आलं. एका शेतात कुत्र्यांनी काळवीट मारलं. वनरक्षकानं शवविच्छेदनाला मला बोलावलं. माझ्या पेटीतला चाकू घडीचा, ऑनलाइन मागवलेला. बरगडीपाशी त्याचा सांधा ढिला झाला आणि पातं मिटायला लागलं. वेळेवर हात काढला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून बीडला गेले. चाचा कधीच गेलेत. दुकानात त्यांचा मुलगा बसतो, तोही आता म्हातारपणाकडं झुकलेला. दर्शनी भागात करवतीसारखे दाते असलेले, हिरव्या-काळ्या मुठींचे चकचकीत चाकू टांगलेत. दोन पोरं वाढदिवसाच्या केकसाठी तलवार मिळते का विचारत होती. त्यानं हाकलली. मग मला म्हणाला, "बोला मॅडम. घरी चिरायला पाहिजे का?"

"माझ्यासाठी पाहिजे," मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं. "जनावर उघडायला."

मी सांगत गेले, तो ऐकत गेला. पातं चार बोटांचं, एकसंध, दाते नकोत, पुढं पोट, अडसर हवाच. बोलता बोलता मी एका पात्याची धार अंगठ्यानं बघत होते, तो माझ्या हाताकडं बघत राहिला. म्हणाला, "तुमचे वडील घेऊन आलते का तुम्हाला? लई वर्षं झाली. मी भाता वढत व्हतो." मी हो म्हणाले. त्यानं मान खाली घातली. "आब्बा नेहमी सांगायचे. बापानं बेट्याचं नाव घेतलं, पन धार बघायची रीत बेटीच्या हातात व्हती. मूठ तिच्या मापाची करायला पायजे व्हती, म्हनायचे."

"मग का नाही केली?"

"बाप समोर हुभा व्हता ना, मॅडम."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं, आबा. तुम्हाला माहीत, त्यांना माहीत, मला माहीत. तिघांना खरं ठाऊक असताना मूठ चौथ्याच माणसाच्या मापाची झाली, आणि तो चौथा त्या वेळी घरी रेडिओ ऐकत होता. मी दुकानातल्या स्टुलावर बसून इतकी संतापले की त्या बिचाऱ्यानं चहा मागवला. मग त्यानं ओल्या मातीचा गोळा माझ्या हातात दिला. "दाबा. जसं धरता तसंच धरा." मी मधल्या बोटानं धरलं, ताठ बोट वर सोडून. गोळ्यावर जो ठसा उमटला तो त्यानं तसाच उन्हात ठेवला. त्या ठशावरून शिसवाची मूठ झाली, ताठ बोटासाठी वरच्या अंगाला खाच असलेली. काल पाण्यात आणि तेलात हात बुडवून धरून बघितली. हलत नाही.

तुम्हाला माफ केलं असं लिहायला बसले नव्हते आणि लिहीतही नाही. दादाला हे पत्र दाखवणार नाही, तो रडेल आणि मलाच त्याची समजूत काढावी लागेल. इथं दवाखान्याबाहेर एक म्हातारी पाय सुजलेली शेळी घेऊन अर्ध्या तासापासून उन्हात बसलीय. मगाशी तिनं दारातून डोकावून विचारलं, "बाई, लई काम हाय का?" मी म्हणाले, "हो मावशी, सरकारी कागद आहे." खोटं बोलले. तिनं मान डोलावली आणि परत जाऊन बसली. तिला मी तेव्हाच आत बोलवायला हवं होतं.