कोल्ह्याच्या रंगाची बिअर

व्हॉस (नॉर्वे), १७ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. सिन्नोवेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

देवदयेने इकडे ठीक. बाबांचे हात आता थरथरतात, तांब्याचा हंडा उचलवत नाही. तेव्हा यंदा नाताळची बिअर तू बर्गनला तुझ्या स्वयंपाकघरात करायचीस, असं त्यांनी ठरवलंय. माझं नाव कुणी काढलंसुद्धा नाही. मी केलेली बिअर वासरांनीही नाकारली होती, हे तुला आठवत असेलच.

आई गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ; कृती तिचीच. जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या डहाळ्या उकळलेल्या पाण्यात मोड आणून वाळवलेले जव भिजवायचे, रस गाळायचा. चर्चला निघताना तो चुलीवर ठेवायचा, परतल्यावर उतरवायचा. कोमट झाला की रस फसफसवणारं विरजण घालायचं. मूठभर सुकं सोबत पाठवतो.

रंग कोल्ह्याच्या पाठीसारखा तांबूस यायला हवा. नाही आला, तर आजोबांपासून ज्यावर विरजण सुकतंय ते लाकडी कडं शेजारच्या ओड्मुंडला द्यायचं, असं बाबा म्हणतात. तो दर रविवारी आधी विरजणाची विचारपूस करतो, मग बाबांच्या तब्येतीची. तेव्हा जपून कर.

तुझ्या खिरीचा करपट वास अजून न विसरलेला,
ब्रिन्यूल्फदादा

बर्गन, २६ नोव्हेंबर

ती. दादास सिन्नोवेचा सा. न. वि. वि.

बिअर झाली. चव चांगली आहे, पण रंग गवताच्या वाळल्या काडीचा. आमचे एलिफ म्हणतात, सरबत म्हणून खपेल. उजेडात धरली, सावलीत धरली, आईच्या काळ्या सुरईत ओतून पाहिली. कोल्हा काही येईना. सगळं तू लिहिलंस तसंच केलं. चर्चला निघताना ठेवली, परतल्यावर लगेच उतरवली.

एलिफ म्हणतात, थोडी साखर जाळून घाल, कुणाला कळतंय? दादा, ते कडं ओड्मुंडकडे गेलं तर मला आईला तोंड दाखवता येणार नाही. घालू का?

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
सिन्नोवे

व्हॉस, १ डिसेंबर

चि. सिन्नोवेस आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, हिचं चर्च कुठे आहे? मी म्हटलं, गल्लीच्या पलीकडे. त्यावर इतके हसले की कवळी हातात काढून ठेवावी लागली.

अगं, आपलं चर्च तळ्यापलीकडे. होडी वल्हवत जायचं, आणि प्रार्थना संपली की बाबा दारात उभं राहून अख्ख्या गावाची खुशाली घेणार. आई बिचारी घरी लाकडं सारत बसायची. रस आटून निम्मा व्हायचा, तेव्हा कुठे कोल्हा यायचा. इतकी वर्षं गेली, पण हे सांगायचं असतं असं कुणाच्या मनातच आलं नाही.

साखर मात्र नको. ते म्हणजे चर्चला न जाताच गेलो म्हणून सांगण्यासारखं. रंग घालायचा नसतो, येईपर्यंत थांबायचं असतं. बाबांचा निरोप: लांबच्या चर्चला जा, चालत जा, आणि येताना सगळ्यांशी बोल.

तुझा,
दादा

बर्गन, ११ डिसेंबर

ती. दादास सा. न.

डोंगरापलीकडच्या चर्चला चालत गेले. ओळखीचं कुणी नव्हतं, तरी एकेकाची खुशाली विचारली. एका आजीबाईंनी तर त्यांच्या गुडघ्याची सारी कथा ऐकवली. घरी आले तर एलिफ घामाघूम, भिंती ओल्या आणि हंड्यात निम्माच रस.

एक बाटली रेल्वेने पाठवली आहे. रंगाबद्दल मी काही लिहीत नाही. बाबांनीच सांगावं.

जीव टांगणीला लागलेली,
सिन्नोवे

व्हॉस, १६ डिसेंबर

चि. सिन्नोवेस अनेक आशीर्वाद.

बाटली पोचली. कसं कोण जाणे, ओड्मुंडही पोचला. बाबांनी पेला खिडकीशी धरला. हात थरथरत होता म्हणून मी खालून आधार दिला. पेल्यात ऊन उतरलं, आणि आईनंतर पहिल्यांदाच या घरात तो रंग दिसला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. बाबा एवढंच म्हणाले, "आला कोल्हा."

ओड्मुंडने घोट घेतला, पेला फिरवून पाहिला आणि म्हणाला, "थोडी गडदच झालीय. पोरीने बाहेर फारच गप्पा मारलेल्या दिसतात."

बाबांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "मुलगी कुणाची आहे?" म्हणाले.

कडं तागाच्या फडक्यात बांधून ठेवलंय. नाताळला येशील तेव्हा घेऊन जा. एलिफच्या घामाला सलाम.

तुझ्या बिअरच्या पिंपाची वाट पाहणारा,
दादा