टीव्हीच्या मागची पाळी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
३ मार्च १९८८

ती. विद्याधरभावजी यांस,

धाकटा मेहुणा जयवंत याचा शिरसाष्टांग नमस्कार. तिकडचा बर्फ वितळला असेल, तुमच्या कमरेत भरलेली चमक उतरली असेल आणि जानकीअक्काची हॉस्पिटलातली रात्रपाळी एकदाची बदलली असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरी परिस्थिती पुढं येतेच आहे. पत्र जेवण झाल्यावर आणि शक्यतो अक्का घरात नसताना वाचावं.

तुम्ही दुबईच्या मित्राकरवी पाठवलेलं टीव्हीवर खेळ खेळायचं अटारीचं छोटं मशीन मिळालं. मशीन उत्तम चालतं. लावल्या क्षणापासून चालतं, न कुरकुरता चालतं, आणि भावजी, तक्रार नेमकी तीच आहे. (जावयानं दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात हे मला ठाऊक आहे. आमच्या सौ. विमलानं हे पत्र लिहू नका म्हणून दोनदा हात जोडले. पण घरात जे चाललंय ते तुमच्याशिवाय सांगायचं कुणाला? शेजाऱ्यांना सांगितलं तर ते मलाच डॉक्टरकडं नेतील.)

तुम्हाला सगळं माहीत आहे असं धरून चाललो तर घोटाळा होईल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. ब्याऐंशीच्या दिवाळीत अक्काच्या मैत्रिणीबरोबर तुमचं पहिलं मशीन आलं. ते सहा बटणांचं, पुढं लाकडासारखी पट्टी असलेलं आणि वजनाला असं की तुमच्या सासऱ्यांनी, म्हणजे भाऊंनी, ते हातात तोलून बघितलं आणि कापड विणायच्या साच्याच्या लोखंडाची आठवण काढली. (तुम्ही नंतर कळवलंत की पहिल्या वर्षी बनवलेली मशीनं जाड आणि जड असतात, पुढच्या वर्षी कंपनीनं तळ पातळ केला, आणि आपलं मशीन जड जातीचं म्हणजे दुर्मिळ आहे. हे कळेपर्यंत ते राहिलेलं नव्हतं.) तेव्हा भाऊ दहा महिने घरी होते. तीस वर्षं गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस गिरण्यांचा संप झाल्यापासून गॅलरीत पाटावर बसून होता, आणि आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी सोडून काही दिसत नाही. ते त्या टाकीकडे बघत. आम्ही त्यांच्याकडे बघत असू.

मशीन मी सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये लावलं. तुमच्याकडची वीज आमच्या निम्म्या जोराची असते हे मला सांगणारं कोणी नव्हतं. ठिणगी उडाली, वास आला, विमलानं देवापुढची समई आधी विझवली (का, ते विचारू नका). मग कोपऱ्यावरचा सहदेव रेडिओवाला आला, त्यानं वीज निम्मी करणारा एक लोखंडी डबा बसवून दिला आणि टीव्हीवर चित्र आलं. आलं म्हणजे खालून वर धावू लागलं. आवाज नव्हताच. दोन रणगाडे खालून येत, वर जात, पुन्हा खालून येत. आठ दिवस आम्ही समजत होतो की खेळ असाच आहे, अमेरिकेतल्या लोकांची नजर आपल्यापेक्षा चपळ असते. विमलाला तर त्या धावत्या रणगाड्यांना मारायची सवयसुद्धा झाली होती.

नवव्या दिवशी भाऊ टीव्हीच्या मागं गेले. कशाला ते त्यांनाही सांगता येत नाही. मागं चित्र स्थिर करायचं एक गोल बटण असतं, ते त्यांनी दोन बोटांत धरून किंचित फिरवलं आणि चित्र उभं राहिलं. बोटं सोडली की पुन्हा धावायचं. पुन्हा धरलं, पुन्हा उभं. (तुमच्याकडं चित्र सेकंदाला साठ वेळा येतं आणि आमच्याकडं पन्नास वेळा, म्हणून ही भानगड, असं तुम्ही पुढं चार पानी पत्र लिहून समजावलंत. भाऊंना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, धागा सैल आहे, धरून ठेवला पाहिजे. मला तुमच्या चार पानांपेक्षा हे लवकर समजलं.)

त्या दिवसापासून, भावजी, भाऊ कामाला लागले. दुपारी चार ते सहा ही पाळी. पावणेचारला दाढी करून, जुना खाकी सदरा चढवून ते टीव्हीच्या मागं स्टुलावर बसत. विमला पुढं खेळायची. उजव्या रणगाड्याला खेळाडू नसे, तो एका जागी उभा असे आणि ती त्याला रोज दोन तास मारायची. (तो कोण आहे हे मी कधी विचारलं नाही.) मागून भाऊ चित्र सांभाळत. त्यांना तिथून चित्र दिसायचंसुद्धा नाही. ते विमलाच्या चेहऱ्याकडं बघून बटण फिरवत, आणि पाच वाजता तिच्याकडून चहा घेताना डाव्या हातानं घेत, उजवा कामावर. एकदा गावी चुलत्यांच्या तेराव्याला जायचं झालं तर आठ दिवसांसाठी बदली कामगार नेमून गेले. बदली म्हणजे मी. मी ऑफिसातून हक्काची रजा काढून टीव्हीच्या मागं बसलो. परत आल्यावर त्यांनी विमलाकडून माझ्या कामाचा अहवाल घेतला आणि तिनं तो खरा दिला. पुन्हा मला बदलीवर घेतलं नाही.

पहिलं मशीन गेलं ते दसऱ्याला. गिरणीत दसऱ्याला साच्याची पूजा होते, नारळ फुटतो, साच्यावर पाणी शिंपडतात. भाऊंनी तेच केलं. हळदकुंकू बटणांवर राहिलं, पण नारळाचं पाणी कॅसेट घालायच्या फटीतून आत उतरलं आणि तुमचं दुर्मिळ मशीन मोठ्या मानानं गेलं. मग तुम्ही चार बटणांचं पाठवलंत. उरलेली दोन बटणं मागल्या बाजूला नेली आहेत, हा नुसता फेरफार आहे, असं तुम्ही लिहिलंत. भाऊंनी मशीन समोर ठेवून बराच वेळ बटणं मोजली.

"सहाची चार केल्यानी," ते म्हणाले. "म्हणजे दोन माणसां घराक धाडल्यानी."

मी म्हटलं, अहो भाऊ, बटणं मागं आहेत. तर ते म्हणाले, पहिल्यांदा मागंच नेतात. तुम्ही प्रत्येक पत्रात या मशीनचा इतिहास कळवता, कोणत्या साली काय बदललं, आणि मी तो प्रत्येक वेळी भाऊंना वाचून दाखवतो. दर वेळी ते मला त्याचा अर्थ सांगतात, आणि सांगायला वाईट वाटतं पण तो पटतो. चार बटणांच्या मशीनला सहदेवनं जुन्याचे भाग घालून जोर आणायचा प्रयत्न केला, त्यात दोन्ही मिळून एकही उरलं नाही. मग पंच्याऐंशीत काळं आलं, लाकडाची पट्टी काढलेलं. भाऊ म्हणाले, आता दिखावासुद्धा परवडत नाही त्यांना. तरी काळ्यावर त्यांनी दोन वर्षं पाळी केली. एक खाडा नाही.

आणि आता हे छोटं. वहीएवढं, वजनाला पावशेर मटारासारखं, एक रंगीत पट्टा असलेलं, आणि खास आमच्या टीव्हीला जुळणारं. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला भाऊ पावणेचारला दाढी करून मागं बसले. विमलानं कळ दाबली. पहिल्यांदा आवाज आला. पाच वर्षं मुके असलेले रणगाडे धडाधड ओरडायला लागले तेव्हा विमला उठून उभीच राहिली. चित्र मात्र स्थिर. अर्धा तास भाऊ बटण धरून बसले होते, आणि विमला सांगते, त्यांच्या तोंडावर फार समाधान होतं, की आज हात चांगला चाललाय. मग नाक खाजवायला त्यांनी हात काढला. विमलाच्या चेहऱ्यावर काही फरक नाही. हात परत ठेवला. पुन्हा काढला. स्टुलावरून उठले, पुढं आले, उभ्या चित्राकडं थोडा वेळ बघितलं आणि गॅलरीत पाटावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, ते उठले नाहीत. त्याला आज तेवीस दिवस झाले. दाढी वाढली आहे. जेवण एक पोळी. मी काय काय केलं ते ऐका. मी स्वतः मागचं बटण पिळून चित्र धावतं केलं आणि भाऊ, भाऊ, करून हाका मारल्या. ते गॅलरीतूनच म्हणाले, "तू हात लावू नको, चित्र आपसूक रव्हता." मग सहदेवला बोलावून विनंती केली की हे मशीन थोडं बिघडवून दे. तो दुखावला. आयुष्यभर बिघडलेलं सुधारलं, सुधारलेलं कसं बिघडवू, म्हणाला. शेवटी शेजारधर्म म्हणून त्यानं प्रयत्न केला आणि मशीन ठणठणीत राहून टीव्ही बिघडला. आता बातम्यांचा आवाज फक्त पंखा चालू असला की येतो. विमलानं खेळणं सोडलं. एकटीनं कसलं खेळायचं, म्हणते. उजवा रणगाडा तीन आठवडे सुखात आहे.

काल भाऊ आपणहून बोलले. मला वाटलं, चला, निवळलं.

"मशीन बरा आसा," ते म्हणाले. "माणूस लागना नाय."

तेव्हा जावईबापू, लाज बाजूला ठेवून मागतो. तुमच्या तिकडच्या या मशीनांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कुणी परत आणून टाकलेलं, कसलंही अमेरिकन मशीन असेल तर पाठवा. सहा बटणांचं, चार बटणांचं, काळं, फुटकं, काहीही. अट एकच, ते आमच्या टीव्हीला जुळता कामा नये. अक्काला सप्रेम नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही असू द्यावा.

आपला नम्र,
जयवंत

ता. क. काळं मशीन आपोआप बंद पडलं असं मी गेल्या वर्षी तुम्हाला कळवलं होतं. ते खोटं आहे. ते चालू होतं. भाऊंचे गुडघे सुजायला लागले होते, रात्री ते उजवा हात चोळत बसत, आणि मला वाटलं, कशाला या वयात त्यांनी दोन तास स्टुलावर बसायचं. म्हणून मी ते गोवंडीच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि तुम्हाला जुळणारं मशीन मागितलं. भाऊंच्या भल्यासाठी केलं. त्यांना कामावरून काढणाऱ्यांनीही असंच काहीतरी सांगितलं असेल. मागचे तीन रविवार मी गोवंडीत जाऊन भंगाराचे ढीग उपसतोय. काळ्या रंगाचं फार सामान असतं हो तिथं.

आ. ता. क. मशीन मिळणं कठीण असेल तर राहू द्या. त्यापेक्षा एक करा. भाऊंच्या नावानं एक पत्र पाठवा. तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर, इंग्रजीत, टाइप केलेलं. मजकूर एवढाच, की चार ते सहाच्या पाळीवर आपली गरज आहे, तरी ताबडतोब कामावर रुजू व्हावं. गिरणीकडून असं पत्र येईल म्हणून ते सहा वर्षं वाट बघताहेत. पोस्टमन जिन्यात आला की अजून उठून उभे राहतात आणि सदरा नीट करतात. खाली शिक्का मात्र मारा, कसलाही चालेल. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, ते शिक्का बघतील.