अक्काच्या फोनचा सारांश

बोरिवली (पूर्व), रविवार, टळटळीत दुपार

तीर्थस्वरूप जानकीअक्का हिच्या चरणी धाकटा भाऊ जयवंत याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे अष्टांगांतून दोन अंगे वजा धरावीत.) तुझा रक्तदाब, परसातली केळ आणि शेजाऱ्यांची ती दुर्वासगोत्री म्हैस या तिघांचे क्षेमकुशल कळवावे. फोन असताना पत्राचा खटाटोप कशाला, असे तू म्हणशील. अगं, फोनवर मी क्रियापदापर्यंत पोहोचण्याआधीच तू "बरा, ठेवतंय" म्हणून मोकळी होतेस. कागदाला ती सोय नाही.

भावोजींच्या पश्चात तू त्या मोठ्या घरात एकटी कशी राहतेस, ही विवंचना आम्हा तिघांनाही लागून राहिली आहे. तो विषय यथावकाश येईलच. तत्पूर्वी थोडी प्रस्तावना.

आपल्या निधीच्या (यत्ता पाचवी) शिक्षिकेने कळवले की, मुलगी वाचते उत्तम, परंतु वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगत नाही. सारांशलेखनाचे पवित्र कार्य मी तत्काळ शिरावर घेतले. चेतनाने "तुम्ही? आणि सारांश?" एवढेच उद्गार काढले आणि तोंडाला पदर लावून ती स्वयंपाकघरात गेली. (तो पदर नव्हता, गाऊनची बाही होती, आशय तोच.) सोसायटीचा मी चिटणीस असल्याने पंपाशेजारची खोली विद्यादानार्थ मिळाली. विद्यार्थी तीन: निधी, वरच्या मजल्यावरचा प्रितम आणि समोरच्या दारातली तेजल.

उतारा मी स्वहस्ते रचला होता. एक वृद्धा कोंबडी विकण्यास बाजारी निघते, वाटेत ती कोंबडी टोपलीत अंडे घालते, वृद्धेस माया सुटते आणि ती कोंबडीसह स्वगृही परतते. सारांश मूळ उताऱ्याच्या एकतृतीयांश असावा, हा शास्त्रोक्त नियम मी फळ्यावर लिहिला. प्रितमने उताऱ्याचा पहिला एकतृतीयांश भाग खडाखडा वाचला आणि खाली बसला. "अरे, म्हातारी कुठे आहे?" मी विचारले. "उंबऱ्यावरच, काका. एकतृतीयांश संपला ना!" तेजलचा सारांश मूळ उताऱ्याहून लांब झाला, कारण तिला प्रश्न फार. "काका, म्हातारीने रिक्षा का नाय केली? तिचा मुलगा काय करतो? घरी बसून खातो का नुसता?" (कन्या पुढे वकील होईल.) निधीने मात्र माझा उतारा स्वल्पविरामांसकट जसाच्या तसा म्हणून दाखवला. मी म्हणालो, "बाळ, तुझ्या शब्दांत सांग." ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, यापेक्षा चांगले शब्द माझ्याकडे नाहीयेत." अक्का, लेखक म्हणून मी सुखावलो, पण बाप म्हणून तो उतारा घडी करून खिशात घातला.

मग मी प्रत्यक्ष जीवनाकडे वळलो. गेल्या वर्षी मी फलकावर सूचना लावली होती: "समस्त सदनिकाधारकांस सविनय विदित करण्यात येते की, जलसंचयपात्राच्या प्रक्षालनार्थ श्वस्तन दिनी जलप्रवाह स्थगित राहील." एकाही गृहस्थाने बादली भरली नाही. आमचे अध्यक्ष धोंडिराम डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात उभे राहून जे बोलले, त्याचा सारांशही येथे देता येत नाही. यंदा तीच सूचना मी फलकावर लावली आणि वर्गातही उतारा म्हणून दिली. तेजलने लिहिले: "उद्या टाकी धुणार. पाणी नाही. आजच भरा." मुलांनी तो कागद माझ्या सूचनेवर डिंकाने चिकटवला. संध्याकाळपर्यंत इमारतीतली पिंपेच काय, पातेलीसुद्धा भरली. धोंडिराम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास, चिटणीस! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं तुम्ही काय म्हणता ते!" असा सत्कार शत्रूच्याही वाट्याला न येवो.

आता मूळ मुद्दा. गुरुवारी तुझा फोन आला, तो सर्वांना ऐकू यावा म्हणून मी मोठ्या आवाजावर ठेवला होता. फोन संपताच शिक्षकधर्म जागा झाला. निधीला म्हटले, आत्या काय म्हणाली त्याचा सारांश सांग. नमुना म्हणून आधी माझा ऐक. "आत्याचे उत्तम चालले आहे. फणस लगडले आहेत. सकाळी आंबोळ्या केल्या." तूही "माजा काय्येक अडत नाय, मी बरी आसंय" असे दोनदा बजावलेच होतेस. निधीने मान हलवून माझा नमुना नाकारला. मग म्हणाली, "बाबा, आत्या एकटीसाठी आंबोळ्या करते. त्या उरतात. मग ती त्या म्हशीला घालते, आणि घालताना तिच्याशी काय काय बोलते ते तिने आपल्याला सांगितलं. आत्याकडे बोलायला कोणी नाहीये."

अक्का, या मुलीने प्रथमच एखादी गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली. शाबासकी देणे हे शिक्षकाचे आद्य कर्तव्य. परंतु मी पंप पाहायला म्हणून खाली उतरलो. पंप बंदच होता. तरी मी तो दोनदा तपासला.

तेव्हा विनंती, विनंती नव्हे, एक निरीक्षण असे की, बोरिवलीस राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने पहाटे उत्तम वारा येतो. येथे मासळीही मिळते. (तुझ्या मते ती मासळी नसून मासळीचे प्रेत असते, हे ज्ञात आहे.) "मी कोणाक अडचण होवचंय नाय" हे तुझे पालुपद, पण या घरी अडचणीचे पद मी पूर्वीच भूषवीत असल्याने ती जागा रिक्त नाही. चेतनाला माझ्याविषयी तक्रार करण्यास जाणकार श्रोता हवा आहे. मला लहानपणापासून ओळखणारी तू एकटीच उरलीस. अधिक काय लिहावे? (लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण कागदाची पाठही संपली.)

तुझा अल्पमती, बहुशब्द भाऊ,
जयवंत

ता. क. : उपरिनिर्दिष्ट मजकूर हा केवळ शैक्षणिक वृत्तान्त आहे. त्यातून कोणतेही आमंत्रण ध्वनित होत असल्यास ते वाचणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर समजून घ्यावे.

ता. क. २ : चेतनाच्या आग्रहास्तव पत्र तपासणीसाठी व सारांशासाठी निधीकडे दिले आहे. ती हसते आहे. कारण कळले नाही.

ता. क. ३ : आत्या, मी निधी. बाबांनी पत्राचा सारांश लिहायला सांगितलाय. पण मेन गोष्ट त्यांनी लिहिलीच नाहीये, म्हणून ती मी लिहिते. बाबा वीस तारखेला तुला न्यायला येतायत. परत येतानाची दोन तिकिटं काढून झालीत. माझ्या खोलीत खिडकीजवळ तुझा पलंग लावलाय. नाही आवडलं तर परत जा, पण आधी ये. आणि बाबांनी दारात विचारलं की लगेच हो म्हण, नाहीतर ते सगळं पहिल्यापासून सांगतील.